छोट्या सागरी संग्रहालयासाठी 'हात लावून पाहा' मांडणी: कोकण किनारा

खाडीकाठ
कोकणात खाडीलगतच्या एका जुन्या गोदामात सागरी संग्रहालय उभं करायचं आहे. दोन दालनं आहेत, मोठं ४५ × २० फूट आणि दुसरं साधारण त्याच्या निम्मं. विषय: शिडाची जहाजं, भरती-ओहोटी, ताऱ्यांवरून मार्ग काढणं आणि मराठा आरमार. मूळ वस्तू मोजक्याच: दोन लोखंडी तोफा, तीन नांगर, लाकडी कप्प्या, एक जुनं सुकाणू.

अटी अशा. सहल आली की एका वेळी ५०-६० मुलं आत येतात. पावसाळ्यात वीज जाते. समुद्र जेमतेम ४०० मीटरवर. देखभालीला एकच माणूस, तोही तंत्रज्ञ नाही. सध्याच्या आराखड्यात सहा टचस्क्रीन दाखवले आहेत. त्याऐवजी प्रेक्षकाने स्वतः करून पाहावं असं काय ठेवता येईल? मापं, साहित्य आणि कुठे काय बिघडतं हे कळलं तर सुतार-फॅब्रिकेटरशी बोलता येईल.

कप्पीवाला
सहा पडदे नकोत, एक पुरे. पडद्यावर बोट फिरवून जहाज कलंडल्याचं चित्र दिसतं, पण वजन वर गेल्यावर हाताला जो झोल जाणवतो तो पडदा देत नाही. दर्यावर तांडेलाला जे निर्णय घ्यावे लागत, म्हणजे भार कुठे ठेवायचा, शीड किती वळवायचं, कधी निघायचं, त्यातला एकेक निर्णय प्रेक्षकाच्या हातात द्यायचा. प्रत्येक मांडणीला एकच प्रश्न. दोन प्रश्न घातले की मुलं एकही सोडवत नाहीत.

सुरुवात स्थैर्यापासून करा. ही मांडणी पूर्ण कोरडी आहे, वीज लागत नाही आणि सुतार दोन दिवसांत करतो.

१८ मिमी मरीन प्लायचे (आयएस ७१० शिक्का पाहून घ्या) ४०० मिमी त्रिज्येचे दोन अर्धगोल एकमेकांना चिकटवा. ही झाली जहाजाची आडवी काप. गोल बाजू खाली ठेवून ती दोन बेअरिंगच्या रुळांवर टेकवा, म्हणजे डावी-उजवी डुलेल. वर मधोमध ६०० मिमी उंचीची अॅल्युमिनियमची डोलकाठी, तिच्यावर वरखाली सरकणारं २ किलोचं पितळी वजन. दर ५० मिमीला भोक आणि स्प्रिंगची खुंटी.

गोल तळाच्या जहाजाचं गणित सोपं असतं. सगळ्याचा मिळून गुरुत्वमध्य वर्तुळाच्या मध्याखाली असेल तर ते सरळ होतं, वर गेला की कलंडतं. प्लायचं वजन सव्वासहा किलोच्या आसपास येतं आणि त्याचा गुरुत्वमध्य मध्याखाली १७० मिमीवर. काठी कड्यांसकट ३०० ग्रॅम धरली तर २ किलोचं वजन मध्यापासून ४९० मिमीच्या वर गेलं की तोल जातो. म्हणजे ४५० च्या भोकापर्यंत जहाज उभं राहतं, ५०० ला पडतं. प्रेक्षकाला ती सीमा स्वतः सापडते.

मग तळाशी एक खण ठेवा आणि त्यात ३ किलोचं नीरम, म्हणजे जहाज स्थिर ठेवणारं तळाचं वजन (बॅलास्ट), सरकवायला द्या. ते मध्याखाली ३३० मिमीवर बसलं की तोल जाण्याची सीमा ९८० मिमीच्या पुढे जाते. काठीच ६०० ची, त्यामुळे आता वजन टोकाला नेलं तरी जहाज पडत नाही. हे पाहून मुलं खण परत परत उघडतात, म्हणून खणाचा रूळ जड कामाचा घ्या आणि नीरमाची वीट ५ मिमी स्टीलच्या साखळीने बांधून ठेवा.

काय बिघडतं: दोन्ही बाजूंना ३५ अंशांवर रबरी अडसर हवा, नाहीतर पूर्ण उलटं होऊन कोणाच्या तरी तोंडावर बसेल. फिरणारा भाग आणि चौकट यांतली फट ८ मिमीपेक्षा कमी किंवा २५ मिमीपेक्षा जास्त ठेवा. मधल्या मापात बोट अडकतं. आणि प्लायच्या गोल कडेला २ मिमी स्टीलची पट्टी लावा. ती नसेल तर वर्षभरात रुळांखाली कड सपाट होते, मग जहाज मधेच थांबतं आणि 'स्थिर' असल्याचा खोटा निकाल देतं.

उत्तरवारा
या मांडणीशेजारी स्वीडनच्या वासा जहाजाची गोष्ट चार ओळींत लावता येईल. १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमच्या बंदरातून निघून साधारण १,३०० मीटरवर ते बुडालं. त्याआधी ३० माणसांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूला धावायला लावून चाचणी घेतली होती. जहाज इतकं झुललं की ती तीन फेऱ्यांतच थांबवली आणि तरीही ते समुद्रात गेलं. वजन सरकवून झालेल्या मुलाला ही गोष्ट लगेच कळते. आधी गोष्ट वाचली आणि मग वजन सरकवलं तर तितकी कळत नाही, म्हणून फलक मांडणीच्या उजवीकडे लावा. माणूस डावीकडून येतो, आधी हात लावतो, मग वाचतो.

खाडीकाठ
हे नक्की घेऊ. शिडाचं काय? वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला जहाज कसं जातं हा प्रश्न प्रत्येक सहलीत येतो.

कप्पीवाला
त्यासाठी वारा लागेल, म्हणजे पंखा आला आणि वीज आली. पण ही मांडणी त्या खर्चाच्या योग्यतेची आहे.

६०० × ६०० मिमीचं लाकडी तोंड, मागे १८ इंची एक्झॉस्ट पंखा. पंख्याचा वारा पिळा घेत येतो, त्यात शीड वेडंवाकडं फडफडतं. म्हणून तोंडात २० मिमी पीव्हीसी कंड्युटचे १५० मिमी लांबीचे तुकडे मधमाशांच्या पोळ्यासारखे भरायचे. ३० ओळी, दर ओळीत ३०, म्हणजे ९०० तुकडे, एकूण १३५ मीटर. तीन मीटरच्या ४५ नळ्या होतात, कापताना वाया जाणाऱ्या धरून ५० आणा. पंखा या पोळ्याच्या ३०० मिमी मागे ठेवा आणि मधे ८ मिमीची जाळी. नळी लांब असल्याने बोट पलीकडे पोचत नाही, पण पेन्सिल जाते, म्हणून जाळी.

समोर रुळावर चालणारी छोटी गाडी, तिच्यावर शीड. पठाणाचं, म्हणजे जहाजाच्या तळाच्या कण्याचं, काम रूळ करतो: जहाजाला आडवं घसरू देत नाही. रूळ वाऱ्याच्या दिशेशी ६० अंशांत लावा. प्रेक्षकाच्या हाती फक्त शीड वळवायची मूठ.

आता जिथे बहुतेक जण फसतात ते. ४०० मिमी पाया आणि ३०० मिमी उंचीचं त्रिकोणी शीड म्हणजे ०.०६ चौरस मीटर. वारा सेकंदाला ४ मीटर धरला तर शिडावरचा एकूण जोर साधारण ७० ग्रॅम. वाऱ्याच्या विरुद्ध पुढे ढकलणारा भाग त्यातला २० ते ३० ग्रॅमच. ४०० ग्रॅमची गाडी बॉल बेअरिंगच्या चाकांवर असेल तर घर्षण ४-५ ग्रॅम. तीच नायलॉनच्या चाकावर, खिळ्याच्या आसावर ठेवली तर २० ग्रॅम. मग गाडी हलत नाही, आणि मुलं 'वाऱ्याच्या विरुद्ध जाता येत नाही' हा नेमका चुकीचा धडा घेऊन घरी जातात. चाकांत पैसे वाचवू नका.

गाडी टोकाला पोचल्यावर परत कोण आणणार? रुळाला मीटरमागे १७ मिमी चढ द्या, म्हणजे १ अंश. शीड सैल केलं की गाडीला मागे खेचणारा जोर ७ ग्रॅम होतो, घर्षणापेक्षा थोडा जास्त, आणि ती आपोआप सुरुवातीला येते. बटण दाबल्यावर पंखा ४५ सेकंद चालू राहील असा टायमर बसवा. दिवसभर चालू ठेवला तर त्या आवाजात दालनात कोणी बोलू शकणार नाही.

खुणगाठ
शिडाचं कापड रिपस्टॉप नायलॉन घ्या, ४०-५० ग्रॅम प्रति चौरस मीटर. सुती कापड पावसाळ्यात ओल धरतं, जड होतं आणि लोंबतं. आकार कोकणातल्या जहाजांचा ठेवा: तिरक्या परबाणाला बांधलेलं शीड, पुढचा कोपरा खाली, मागचं टोक उंच. बाजारातली खेळण्यातली याट आणून बसवली तर प्रेक्षकाच्या डोळ्यासमोर खाडीतलं जहाज उभंच राहणार नाही.

लोणारी
तोफा आणि नांगरांबद्दल. खऱ्या तोफेला हात लावू देऊ नका. 'एवढं जाड लोखंड आहे, त्याला काय होणार' असं वाटतं, पण समुद्रातून किंवा खाडीच्या चिखलातून आलेल्या ओतीव लोखंडात क्षार आतपर्यंत मुरलेले असतात. दमट हवेत ते पुन्हा गंज धरतात आणि वरचा थर पापुद्र्यांनी सुटतो. नेमक्या त्याच थरावर खुणा आणि नक्षी असते. ऑइलपेंट लावून चकाकी आणणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण गंज रंगाखाली चालूच राहतो आणि दिसत मात्र नाही. आधी क्षार काढावे लागतात, अल्कधर्मी द्रावणात ठेवून किंवा इलेक्ट्रोलिसिसने, आणि ते काम जतनतज्ज्ञाचंच. मोठ्या वस्तूला महिनोन्महिने लागतात.

हाताळायला तोफेची फायबरग्लासची प्रतिकृती द्या आणि शेजारी खऱ्या वजनाचे ओतीव गोळे, साखळीने बांधलेले. ९ पौंडी गोळा म्हणजे चार किलोच्या वर. गुराबेवर, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजावर, ९ किंवा १२ पौंडी तोफा असत, पुढच्या नाळेकडे तोंड करून दोन. गोळा उचलला की त्या आकड्याला अर्थ येतो.

दुसरं म्हणजे पाणी असलेली कुठलीही मांडणी मूळ लाकडी वस्तूंच्या दालनात ठेवू नका. सुकाणू आणि कप्प्या छोट्या दालनात, दार बंद होणाऱ्या जागी ठेवा आणि आर्द्रता ५० ते ५५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहील असं बघा. आकड्यापेक्षा चढउतार जास्त मारतात. दिवसा एसी आणि रात्री बंद असा प्रकार लाकडाला तडे पाडतो. तो करण्यापेक्षा एसी नसलेला बरा.

खाडीकाठ
पाण्याचा विषय निघालाच आहे तर, भरती-ओहोटीसाठी खाडीचं मॉडेल पाण्यात करावं असा आग्रह आहे. पंपाने पाणी चढवायचं-उतरवायचं. योग्य आहे का?

कप्पीवाला
मॉडेल करा, पंप नको. १२०० × ६०० मिमीच्या टाकीत पातळी ६० मिमी चढवायची म्हणजे ४३ लिटर. पंपाने सावकाश चढवायला तीन मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ कुठलंही मूल एका जागी थांबत नाही.

त्याऐवजी पाण्यात बंद पेटी दाबायची. पेटी जेवढी बुडेल तेवढी पातळी चढते, दोन सेकंदांत. पण इथेही गणित आधी करा. ४३ लिटरची पेटी पूर्ण बुडवायला ४३ किलोचा जोर लागेल, मुलाचे पाय जमिनीवरून उचलले जातील. म्हणून पातळी २५ मिमीच चढवा. त्याला १८ लिटर लागतात, पेटी ३०० × ३०० × २०० मिमी. पेटीत ९ किलो वजन भरून टाका. मग ती निम्मी बुडून तरंगते, आणि वर ओढायला किंवा खाली दाबायला जास्तीत जास्त ९ किलो लागतात. तिप्पट लांबीचा दांडा लावला की हाताला ३ किलो. पहिलीतलं मूलही करू शकतं.

उंचीचं प्रमाण १:१०० धरलं तर २५ मिमी म्हणजे अडीच मीटर, दक्षिण कोकणातल्या मोठ्या भरतीच्या जवळपास. आडवं प्रमाण १:१००० ठेवा, म्हणजे टाकीत १.२ किलोमीटर खाडी बसते. उंची दहापट वाढवली आहे हे फलकावर लिहा, नाहीतर मुलांना वाटेल खाडीचे काठ कड्यासारखे असतात. त्यात एक छोटं गलबत आणि एक खोल तळाचं जहाज ठेवा. ओहोटीला दुसरं चिखलात बसतं, पहिलं तरंगत राहतं. उथळ तळाची जहाजं खाडीत का शिरायची आणि मोठी जहाजं बाहेरच का थांबायची हे तिथे दिसतं.

पाणीपट्टी
टाकीबद्दल तीन गोष्टी, सगळ्या महत्त्वाच्या.

पहिली डास. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण कोरडी. तळाला २५ मिमीचा निचरा नळ आणि त्याच्याकडे १:१०० उतार द्या, नाहीतर देखभालीचा माणूस बादलीने उपसायचं टाळेल.

दुसरी शेवाळ. टाकीवर उन्हाची तिरीपही पडता कामा नये, वरचा प्रकाश एलईडीचाच हवा. क्लोरीन १ ते २ पीपीएम, रोज सकाळी पट्टीने तपासायचं. बोअरवेलचं पाणी घातलं तर काचेवर पांढरा थर बसतो, म्हणून आरओचं घाला.

तिसरी वीज. टाकीपासून दोन मीटरच्या आत २३० व्होल्ट नको. दिवे २४ व्होल्टवर, ट्रान्सफॉर्मर बाहेर, आणि ट्रान्सफॉर्मरला येणाऱ्या २३० व्होल्टच्या वायरिंगला ३० मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच. जमिनीला घसरणार नाही अशी फरशी आणि टाकीभोवती १०० मिमी रुंद झाकलेली गटार. पाणी सांडणारच आहे असं धरून चला.

ध्रुवदर्शी
ताऱ्यांवरून मार्ग काढण्यासाठी 'कमाल' ठेवा. अरबी समुद्रावर चालणाऱ्या नाखव्यांचं हे साधन: लाकडाची पाटी, तिच्या मधोमध दोरी, दोरीला गाठी. पाटीची खालची कड क्षितिजावर आणि वरची ध्रुवावर जुळवायची. कुठल्या गाठीवर जुळलं त्यावरून आपण कुठल्या बंदराच्या अक्षांशावर आहोत ते कळतं. त्यांचं माप अंगुळात, एक अंगुळ म्हणजे साधारण १.६ अंश.

खरा नाखवा गाठ दातात धरायचा. संग्रहालयात ते चालणार नाही, दोरी एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जाईल. शिवाय सुती दोरी ताणते आणि महिन्याभरात गाठी भलत्याच जागी येतात. म्हणून दोरीऐवजी लाकडी पट्टी घ्या, तिच्यावर पाटी सरकेल, आणि पट्टीचं टोक गालाच्या हाडाला टेकवायचं. टोकाला सिलिकॉनची गादी, पुसता येईल अशी.

पाटी ८० मिमी उंच घेतली तर खुणा अशा येतात: मस्कत १९१ मिमी, मुंबई २३९, गोवा २९४, कोची ४५७. १०० मिमीची पाटी घेऊ नका. कोचीची खूण ५७१ मिमीवर जाते आणि मुलांचा हात तिथवर पोचत नाही.

समोरच्या भिंतीवर क्षितिजाची रेघ आणि ध्रुवासाठी एक छोटा दिवा. प्रेक्षक ३ मीटरवर उभा असेल तर मुंबईचा ध्रुव क्षितिजापासून १,०३३ मिमी वर, गोव्याचा ८३२, कोचीचा ५२९, मस्कतचा १,३११. चार दिवे लावा आणि बटणाने एकच पेटेल असं करा. 'तुमचं जहाज कुठल्या बंदरासमोर आहे?' एवढाच प्रश्न.

उत्तरवारा
मुलांची आणि मोठ्यांची उंची वेगळी असते. डोळा वरखाली झाला की कोन चुकणार नाही का? दोन वेगळ्या भिंती कराव्या लागतील.

ध्रुवदर्शी
मोजून पाहिलं तर उंचीने फारसं बिघडत नाही. क्षितिजाची रेघ १२०० मिमीवर धरा. डोळा १५०० वर असला तर मुंबईचा १९ अंशांचा कोन १९.४ दिसतो, ९०० वर असला तर १८.२. बंदरं ओळखायला हे चालतं, कारण मुंबई आणि गोवा यांत साडेतीन अंशांचं अंतर आहे.

खरा घोळ पुढे-मागे सरकण्याने होतो. मूल ३०० मिमी पुढे आलं की १९ चे २१ अंश होतात. दोन अंश म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर. आणि मुलं नेम धरताना पुढे झुकतातच. म्हणून जमिनीवर नुसती पट्टी रंगवून भागत नाही, छातीशी टेकेल असा कठडा हवा: एक ७५० मिमीवर, दुसरा १०५० वर, दोन्ही भिंतीपासून सारख्याच अंतरावर.

फलकावर एक ओळ जरूर घाला. आज ध्रुवतारा खऱ्या उत्तर ध्रुवबिंदूपासून एक अंशाच्या आत आहे, पण इसवी सन १५०० च्या सुमारास तो साडेतीन अंशांच्या आसपास दूर होता. त्या काळच्या नाखव्याला तो फरक रात्रीच्या वेळेनुसार मिळवावा-वजा करावा लागे. पाटी जुळवून झालेल्या प्रेक्षकाला त्या माणसाच्या ज्ञानाची खोली यावरून समजते.

खाडीकाठ
दोन कठड्यांची सूचना आराखड्यात घातली. आरमारासाठी काय? तलवारी आणि पुतळे नको आहेत.

खुणगाठ
खांदेरी घ्या, १६७९. मुंबईच्या दक्षिणेच्या या बेटावर मराठ्यांनी किल्ला बांधू नये म्हणून इंग्रज जहाजं पहारा देत होती आणि मराठ्यांची छोटी गलबतं किनाऱ्यावरून रसद नेत होती. १८ ऑक्टोबरच्या लढाईत मराठ्यांनी इंग्रजांची डव्ह ही गुराब पकडली. गलबत ७० टनांच्या आतलं, ४०-५० वल्ह्यांचं. वारा पडला की शिडावरची मोठी जहाजं जागच्या जागी आणि वल्ह्यांची गलबतं मोकळी. मांडणी म्हणजे एक वल्हं आणि समोर नकाशावर सरकणारं छोटं गलबत. मधेच वारा पडतो, शेजारचं शिडाचं जहाज थांबतं आणि वल्हं मारणारा पुढे जातो.

कप्पीवाला
कल्पना उत्तम, पण अख्ख्या दालनात सगळ्यात आधी मोडणारी वस्तू वल्हंच असेल. त्याच्यावर मुलं लोंबकळतात, एक नाही तर दोन-तीन. खुंटीपासून मुठीपर्यंत ९०० मिमी आणि टोकाला १०० किलो धरून डिझाइन करा. ३२ मिमीचा भरीव सळईचा गाभा या भाराला वाकतो, ४० मिमीचा टिकतो. वजन कमी हवं असेल तर ४० एनबी शेड्यूल ८० पाइप, बाहेरचा व्यास ४८.३ मिमी. त्याच्यावर सागवानाचं आवरण, म्हणजे हाताला लाकूडच लागेल.

वल्हं पुढे-मागे २५ अंशांपेक्षा जास्त जाऊ नये आणि टोकाच्या वर्तुळात दुसरं कोणी उभं राहू शकणार नाही अशी रेलिंग लावा. प्रतिकाराला हायड्रॉलिक डॅम्पर, मुठीशी ५ ते ८ किलो जाणवेल असा. गलबत हलवायला पडदा नको. वल्ह्याच्या खुंटीवर फ्रीव्हील, त्यावरून साखळी, साखळीला गलबत. सायकलचं फ्रीव्हील कुठल्याही गावात मिळतं आणि कुठलाही सायकलवाला बदलून देतो.

कप्प्यांचीही एक मांडणी करा: १२ किलोचं पोतं, तीन दोर. पहिला एका कप्पीवरून, दुसऱ्याला दोन पदर, तिसऱ्याला चार. पुस्तकात १२, ६, ३ किलो लिहिलेलं असतं, पण साध्या बुशच्या कप्पीत दर वळणाला दहा टक्के जोर घर्षणात जातो. प्रत्यक्षात १३.३, ७ आणि ३.९ किलो लागतात. फलकावर हे खरे आकडे छापा, कारण कोणीतरी स्प्रिंगकाटा लावून बघणारच. पोतं ८ मिमी पॉलीकार्बोनेटच्या बंद खांबात वरखाली जाऊ द्या. उघडं ठेवलं तर पहिल्याच आठवड्यात कोणाच्या तरी पायावर पडेल. आणि चार पदरांना ३०० मिमी उचलायला १२०० मिमी दोर ओढावा लागतो, तेवढी मोकळी जागा समोर ठेवा.

मोडीलिपी
फलकांबद्दल. इंग्रजी टायपोग्राफीचे आकडे देवनागरीला जसेच्या तसे लावू नका. वेलांटी, उकार, रफार यांना वर-खाली जागा लागते. एका हाताच्या अंतरावरून वाचायला मजकूर २८ ते ३० पॉइंट, ओळींतलं अंतर दीडपट. प्रत्येक मांडणीवर आधी एक क्रियापद: 'वजन वर न्या', 'वल्हं मारा', 'पेटी दाबा'. स्पष्टीकरण ५० शब्दांच्या आत. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही एकाच आकारात छापलं तर फलक भिंत होतो आणि कोणीच वाचत नाही. मराठी मोठं, बाकी दोन खाली लहान.

वस्तूंची नावं इथली ठेवा. सभासदाच्या बखरीत गुराबा, तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे, पगार अशी यादी येते. तीच वापरा, 'युद्धनौका' नको.

दृष्टिहीनांसाठी गुराब आणि गलबत यांची स्पर्श-मॉडेल शेजारी ठेवा, एकाच प्रमाणात, म्हणजे आकारातला फरक हातांना कळेल. डोलकाठीला आत ८ मिमी स्टीलची सळई हवी. बारीक दोरखंड दाखवू नका, बोटं अडकतात आणि दोऱ्या तुटतात. टेबलाची उंची ७०० ते ७५० मिमी, खाली चाकाची खुर्ची जाईल एवढी मोकळी जागा.

पाणीपट्टी
धातूबद्दल राहिलं. समुद्र ४०० मीटरवर आहे, तर स्टेनलेस ३०४ वर सहा महिन्यांत चहाच्या डागांसारखे ठिपके येतात. उघड्या भागांना ३१६ घ्या, स्क्रूसुद्धा. अॅल्युमिनियममध्ये स्टीलचा स्क्रू बसवताना मधे नायलॉनचा वॉशर, नाहीतर तो जोड पांढरा होऊन गच्च बसतो आणि दुरुस्तीच्या वेळी तोडावा लागतो.

जो एक पडदा ठेवाल त्याचा संगणक वीज आल्यावर स्वतः सुरू होईल असं सेटिंग करा आणि त्याची फाइल सिस्टम फक्त वाचण्यापुरती ठेवा. वीज मधेच गेली की लिहीत असलेलं मेमरी कार्ड खराब होतं, बंद पडलेल्या पडद्यांमागे बहुतेक वेळा तेच कारण असतं. बटणांना साधा स्पर्श-संपर्क नको, चुंबक आणि हॉल सेन्सर (चुंबक जवळ आला की ओळखणारा) घ्या. खारी हवा तांब्याचा संपर्क खाते, चुंबकाला काही करत नाही. मे आणि ऑक्टोबरमधल्या विजांसाठी विजेच्या मुख्य बोर्डावर सर्ज अरेस्टर आणि स्वतंत्र अर्थिंग.

खाडीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. यादी ठरली: स्थैर्य, शीड, खाडीची टाकी, कमाल, वल्हं, कप्प्या. शेवटचा प्रश्न. टाकीजवळ आजच्या भरतीची वेळ दाखवायची आहे. रोज कोणी बदलणार नाही आणि इंटरनेटवर विसंबून राहायचं नाही.

ध्रुवदर्शी
तिथीचं चाक करा. मुंबईच्या किनाऱ्यावर 'तिथीची पाऊणपट' म्हणजे भरतीची वेळ, हा हिशोब किनाऱ्यावरच्या माणसांना पाठ असतो. पाऊण तासाऐवजी ४८ मिनिटं धरली तर आणखी जवळ येतं. पंचमीला ५ × ४८ = २४० मिनिटं, म्हणजे चार वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बारा. पुढची भरती साडेबारा तासांनी, ओहोटी त्याच्या मधोमध.

१२ तासांच्या घड्याळावर ४८ मिनिटं म्हणजे बरोबर २४ अंश, आणि १५ तिथी × २४ = ३६०. त्यामुळे दातेरी चाकं लागतच नाहीत. बाहेर ६०० मिमी व्यासाची तासांची तबकडी, आत १५ तिथींची चकती, दर तिथी २४ अंशांवर. प्रेक्षक भिंतीवरच्या पंचांगात आजची तिथी पाहतो आणि काटा तिच्यावर आणतो.

तुमच्या बंदरासाठी आतली चकती एकदाच फिरवून पक्की करायची. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीच्या तक्त्यांतून तुमच्या जवळच्या बंदराच्या वर्षभरातल्या पौर्णिमा-अमावास्यांच्या भरतीच्या वेळा काढा, बाराच्या जवळची घ्या आणि सरासरी करा. बारापासून जितकी मिनिटं आधी, तितके अर्धे अंश चकती मागे. दक्षिणेकडे जाल तशी भरती मुंबईच्या आधी येते, त्यामुळे फिरवावी लागणारच. मग स्क्रूवर लाख लावून टाका.

वेळ तासाभराने चुकू शकते. 'अंदाजे वेळ, समुद्रात उतरण्यासाठी वापरू नये' हे तबकडीवरच कोरून घ्या, वेगळ्या कागदावर चिकटवू नका. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) वेगळ्या रंगांत दाखवा, पण रंग पौर्णिमेवर सुरू करू नका. सर्वांत मोठी भरती तिच्यानंतर एक-दोन दिवसांनी येते, म्हणजे प्रतिपदा-द्वितीयेला. भांगाचा रंग तसाच अष्टमीच्या पुढे, नवमी-दशमीवर.

कप्पीवाला
चकती १२ मिमी कॉम्पॅक्ट लॅमिनेटची घ्या, अॅक्रिलिकवर काट्याचे ओरखडे दिसतात. मधला आस पितळी बुशमध्ये, तेल न घालता. आणि काटा दोन बनवून ठेवा. सगळ्या मांडण्यांमध्ये पहिल्या वर्षी तोच एक हरवतो.